पोमेडची चमक पाहू नका, ते कसे निघते ते पाहा

काही वर्षांपूर्वी ईदनंतर पंधरा-वीस दिवसांनी एक सलूनवाले आमच्या दुकानावर आले. अठरा वर्षांचा व्यवहार, कधी एका पैशाची कुरबूर नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातले गाठोडे गादीवर सोडले आणि म्हणाले, "चाचा, या वेळचा माल हलका निघाला. चार डझन नॅपकिन नेले होते. गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकावा असा त्यातला एकही राहिला नाही. उरलेली बाकी मी देणार नाही."

आमचा धंदा टॉवेल, नॅपकिन आणि चादरींचा. आम्ही एक नॅपकिन उचलून पाहिला. सूत शाबूत, काठ शाबूत, विणही सुटलेली नाही. पण कापड पिवळट पडलेले, हाताला मेणचट लागणारे आणि वास खवट. वर पाण्याचा थेंब टाकला तर तो जिरेना, मोत्यासारखा उभा राहिला. सुती कापडावर पाणी उभे राहते तेव्हा दोष सुताचा नसतो, त्यावर चढलेल्या थराचा असतो. आम्ही विचारले, "गिऱ्हाइकाच्या केसांना सध्या काय लावता?" तेव्हा कळले की ईदच्या गर्दीसाठी त्यांनी किलोच्या डब्यातले सुटे वॅक्स घेतले होते. डब्यावर ना कारखान्याचे नाव, ना तारीख. स्वस्त होते आणि चमक झकास येत होती.

पुढे त्यांनीच सांगितले की दोन मुलांच्या कपाळावर पुटकुळ्या उठल्या, एकाचे वडील दुकानात येऊन सुनावून गेले आणि त्या घरची चारही डोकी दुसऱ्या सलूनला जाऊ लागली. म्हणजे नॅपकिन गेले, गिऱ्हाईक गेले आणि आमच्यातला अठरा वर्षांचा भरवसाही जाण्याच्या बेतात होता. हे सगळे एका डब्यापायी.

त्या दिवसापासून आम्ही डबे वाचू लागलो, सलूनवाल्यांना विचारू लागलो. त्यातून जे हाती लागले ते कारागीर आणि दुकानदार बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून इथे मांडत आहोत.

हा माल आला कुठून

पोमेड हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्याचे मूळ सफरचंदाच्या लॅटिन नावात सांगतात, कारण जुन्या काळी अशा मलमात सफरचंदाचा गर घालत. पुढे युरोपात डुकराची आणि अस्वलाची चरबी वापरली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मॅकॅसर तेलाची चलती झाली. हे नाव आजच्या इंडोनेशियातील मकासार बंदरावरून पडले. त्या तेलाने खुर्च्यांच्या पाठी इतक्या खराब होऊ लागल्या की त्यांवर टाकण्यासाठी वेगळे कापड निघाले. त्याचे नावच पडले 'अँटिमॅकॅसर', म्हणजे मॅकॅसरपासून बचाव. आपल्याकडे सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचा रुमाल टाकतात, तो त्याच जातीचा. केसांचा माल आणि कापड यांचे भांडण असे जुने आहे.

१८७२ मध्ये रॉबर्ट चेसब्रो यांनी अमेरिकेत व्हॅसलिनचे पेटंट घेतले आणि जनावराच्या चरबीऐवजी खनिज तेलातून निघणारे पेट्रोलॅटम पोमेडमध्ये येऊ लागले. ते सहसा सडत नाही आणि स्वस्तही पडते. १९२८ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात ब्रिलक्रीम निघाले. ते तेल, पाणी आणि मधमाशीचे मेण घुसळून केलेले क्रीम होते. आपल्या मुंबईचे विकेटकीपर फारुख इंजिनियर त्याच्या जाहिरातीत झळकले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्या पिढीने ती पांढरी बरणी मोठ्या हौसेने घरी आणली. देव आनंद यांचा कोंबडा आणि दिलीपकुमार यांची कपाळावरची बट पाहून सलूनमध्ये बसणारी ती पिढी होती. पुढे जेल आले आणि मग पाण्याने धुऊन निघणारे पोमेड आले. आज तरुण मंडळी बाजूने बारीक आणि वर भरगच्च कट मागतात. तो कट बसवायला पुन्हा पोमेडच लागते.

दोन जाती ओळखा

बाजारात नावे पन्नास असली तरी पोमेडच्या जाती मुख्यतः दोन. एक तेलाचे, दुसरे पाण्याचे. बाकी क्ले, वॅक्स, क्रीम हे त्यांचेच भाऊबंद.

तेलाच्या पोमेडमध्ये पेट्रोलॅटम, मिनरल ऑइल, मेण आणि लॅनोलिन असते. चमक दाट येते, केस दिवसभर ओलसर दिसतात, कंगवा पुन्हा फिरवला की पुन्हा बसतात. घाम आणि पावसाला ते दाद देत नाही. पण पाण्यालाही दाद देत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने निघत नाही.

पाण्याच्या पोमेडमध्ये पहिला घटक पाणी असते. त्यात ग्लिसरीन, एरंडेलापासून बनवलेला आणि पाण्यात मिसळणारा पदार्थ आणि केसांना पकड देणारा पदार्थ असतो. ते नळाखाली धरले की निघते. काही वेळाने केस थोडे कडक होतात, पण ओल्या हाताने पुन्हा बसवता येतात.

क्लेमध्ये माती असते. त्याने चमक येत नाही, केस कोरडे आणि दाट दिसतात. ज्यांचे केस विरळ आहेत त्यांना हे बरे. विरळ केसांना तेलाचे जड पोमेड लावले तर केस चिकटून त्यांच्या बटा होतात आणि मधून टाळू दिसू लागते. गिऱ्हाईक आरशात पाहते आणि नाराज होऊन उठते. जाड आणि उभ्या राहणाऱ्या केसांना मेणाचा भाग जास्त असलेला माल लागतो. कुरळ्या केसांना थोडे तेल मानवते, कारण ते मुळात कोरडे असतात.

हवाही पाहावी लागते. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे हवा दमट. तिथे पाण्याच्या पोमेडची पकड घामाने लवकर सुटते, म्हणून ते थोडे थोडे दोनदा लावतात. सोलापूर, मालेगावच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच पोमेड वाळून कडक होते. नारळाचे तेल २४ अंशांच्या आसपास पातळ होते, मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, तर कार्नोबा नावाचे झाडाचे मेण ८० अंशांच्या पुढे. त्यामुळे ज्यात मऊ तेल जास्त तो माल आपल्या मे महिन्यात डब्यातच पातळ होतो, तेल वर येते आणि चोथा खाली बसतो. उन्हाच्या काचेत शोभेसाठी डबे रचून ठेवणाऱ्या दुकानदारांनी हे ध्यानात घ्यावे.

डबा वाचायला शिका

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या अनेकांना डब्यावरचे बारीक इंग्रजी पाहून वाचावेसेच वाटत नाही. पण चार-पाच शब्द ओळखता आले तरी काम भागते. मुलांना विचारा, त्यात कमीपणा नाही.

आपल्या देशात कॉस्मेटिक्स नियम २०२० लागू आहेत. त्यानुसार डब्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कोणत्या महिन्यापर्यंत वापरावे ती मुदत आणि घटकांची यादी हवी. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. दुबईहून कोणी बॅगेतून आणलेले डबे विकायला ठेवणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. घरच्या वापराची भेट वेगळी आणि दुकानातला माल वेगळा.

घटकांच्या यादीत ज्याचे प्रमाण जास्त त्याचे नाव आधी येते. म्हणून पहिली दोन नावे पाहिली तरी जात कळते. पहिले नाव 'वॉटर' किंवा 'ॲक्वा' असेल तर ते बहुधा धुऊन निघणारे. पण क्रीममध्येही पाणी पहिले असू शकते. त्यात लगेच पुढे 'मिनरल ऑइल' किंवा 'पॅराफिनम लिक्विडम' दिसले तर तेलही भरपूर आहे असे समजा. पहिलेच नाव 'पेट्रोलॅटम' असेल तर ते पक्के तेलाचे.

'लॅनोलिन' ही मेंढीच्या लोकरीची चिकटण. ती कातरलेल्या लोकरीतून काढतात. 'टॅलो' म्हणजे जनावराची चरबी. 'ग्लिसरीन' आणि 'स्टिअरिक ॲसिड' वनस्पतीपासूनही बनते आणि चरबीपासूनही, नुसत्या नावावरून ते कळत नाही. ज्याला खात्री हवी त्याने हलाल प्रमाणपत्राचा माल घ्यावा किंवा कंपनीला लेखी विचारावे. डब्यावर कंपनीचा फोन आणि ईमेल याचसाठी छापलेला असतो.

वुजू, गुस्ल आणि टोपी

आपल्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न जाहिरातीत कधी येत नाही. पाच वेळ वुजू करणाऱ्याने डोक्याला काय लावावे?

उलमांकडून आम्ही जे ऐकले त्याचा सारांश असा. केसांवर तेलकटपणा असणे वेगळे आणि पाणी अडवणारा थर जमणे वेगळे. तेल लावणे, केसांची निगा राखणे ही तर सुन्नतच आहे, आणि तेलाच्या ओशटपणाने वुजूला बाधा येत नाही. पण मेणासारखा घट्ट थर बसला आणि पाणी केसांपर्यंत, गुस्लच्या वेळी मुळांपर्यंत पोचेना, तर तो आधी काढावा लागतो. घाटावर बहुतेक हनफी, कोकणात आमचे भाई शाफई. मसह किती भागावर करावा याच्या तपशिलात दोन्हीकडे फरक आहे. म्हणून सलूनवाल्याने स्वतः फतवा देऊ नये. डबा घेऊन आपल्या मोहल्ल्यातील मौलानांकडे जावे, माल बोटावर घेऊन दाखवावा आणि मग विचारावे. मालच समोर असला की त्यांनाही जबाब देणे सोपे जाते.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर नमाजी गिऱ्हाइकाला पाण्याने निघणारे पोमेड सोयीचे. मसहचा ओला हात फिरला की ते मऊ होते, नंतर कंगवा फिरवून केस पुन्हा बसवता येतात. उमरा किंवा हजला निघालेल्या गिऱ्हाइकाला आठवण करून द्यावी की एहराम बांधल्यावर खुशबूचे आणि तेलाचे काही लावता येत नाही. एवढे सांगितल्याने एक डबा कमी खपेल, पण परत आल्यावर तो माणूस तुमच्याकडेच येईल.

टोपीचाही विचार करा. तेलाचे पोमेड लावून टोपी घातली की आतल्या पट्टीवर आठवड्यात काळपट वर्तुळ उमटते. टोपी सुती असेल तर डाग धुऊन निघतो. पॉलिएस्टरच्या धाग्याला मात्र तेलाची ओढ असते, त्यात बसलेले तेल सहज सुटत नाही. डाग पडलाच तर आधी बेसन किंवा टाल्कम पावडर भुरभुरून तेल शोषून घ्यावे, ती झटकावी, मग भांडी घासण्याच्या लिक्विडचा एक थेंब चोळून कोमट पाण्याने धुवावे. आधीच पाणी ओतू नये.

कपाळावरच्या पुटकुळ्या

१९७० मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी एका तक्रारीवर लेख लिहिला आणि तिला नाव दिले 'पोमेड ॲक्ने'. केसांना जड तेलकट माल लावणाऱ्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्या उठतात, कारण तो माल घामाबरोबर ओघळतो आणि त्वचेची छिद्रे बुजवतो. आमच्या सलूनवाल्या दोस्ताच्या गिऱ्हाइकांचे हेच झाले असावे.

उपाय साधे आहेत. पोमेड केसांना लावायचे, टाळूला आणि कपाळाला नाही. मुगाच्या चार दाण्यांएवढे घेऊन दोन्ही तळव्यांवर चांगले चोळावे आणि मागून पुढे आणावे. कमी पडले तर पुन्हा घेता येते, जास्त झाले तर काढता येत नाही. वयात येणाऱ्या मुलांना तेलाचे पोमेड टाळावे. नवे गिऱ्हाईक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला किंचित लावून एक दिवस पाहायला सांगावे. डब्यात बोट घालू नये, छोट्या चपट्या काडीने माल काढावा. एका डोक्याचा कोंडा आणि खाज दुसऱ्या डोक्यावर नेण्याचे पाप आपल्या हातून घडू नये.

तेलाचे पोमेड काढायचे असेल तर नुसता शाम्पू ओतून उपयोग नाही. आधी थोडे खोबरेल चोळावे, म्हणजे पोमेड सैल होते. मग कोरड्या केसांवरच शाम्पू चोळून नंतर पाणी घ्यावे. तेलाला तेलच काढते.

दुकानातच करायच्या दोन चाचण्या

घाऊकवाल्याकडे डझनाची ऑर्डर देण्याआधी एक डबा विकत घ्या आणि दोन गोष्टी करा.

पहिली: चिमूटभर तळव्यावर चोळा आणि नळाखाली हात धरा. पाणी थेंब थेंब होऊन ओघळले तर माल तेलाचा. हात पांढरट होऊन स्वच्छ झाला तर पाण्याचा. डब्यावर 'पाण्याने निघणारे' छापले असेल आणि हात मेणचटच राहिला तर तो डबा परत करा.

दुसरी: पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्यावर बोटभर फासा, रात्रभर ठेवा, सकाळी साध्या साबणाने धुवा. वाळल्यावर त्या जागी पाण्याचा थेंब टाका. थेंब जिरला तर तुमचे नॅपकिन वाचले. उभा राहिला तर तुमच्या सलूनचेही आमच्या दोस्तासारखे होणार.

हिशेब मांडून पाहा

स्वस्त मालाचा मोह हिशेबाने सुटतो. समजा सुट्या वॅक्सचा किलोचा डबा ५०० रुपयांना मिळतो आणि एका डोक्याला ४ ग्रॅम लागते. म्हणजे डोक्याला २ रुपये. चांगले पोमेड १०० ग्रॅम २५० रुपयांना, पण २ ग्रॅममध्ये काम होते. म्हणजे डोक्याला ५ रुपये. महिन्याला अशी २०० डोकी झाली तर चांगल्या मालाला ६०० रुपये जास्त लागले.

आता नॅपकिन धरा. चार डझन, ५० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये. नीट वापरले तर वर्षभर चालतात, म्हणजे महिन्याला २०० रुपये. मेणचट होऊन तीन महिन्यांत गेले तर महिन्याला ८०० रुपये. फरक ६०० रुपयांचाच. पारडी इथेच बरोबर झाली. वर जास्तीचा सोडा, साबण, शाम्पू, गरम पाणी आणि दुसरीकडे गेलेली चार डोकी हा निव्वळ तोटा. दर आपापल्या गावचे घाला, पण कागदावर मांडा.

माल घेताना पक्के बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचे तेल आणि शाम्पू यांवरील जीएसटी ५ टक्क्यांवर आला, पण पोमेड, जेल आणि हेअर क्रीम त्या सवलतीत आले नाहीत. 'सगळ्यावर पाचच टक्के' म्हणणारा घाऊकवाला बिलावर काय लिहितो ते पाहा.

चांदरातीला सलून फजरपर्यंत उघडे असते. म्हणून ईदचा माल पंधरा दिवस आधी घ्या, आधी आलेला डबा आधी संपवा आणि मुदत संपलेला माल ईदच्या गर्दीत खपवू नका. जातींचे म्हणाल तर छोट्या सलूनला तीन डबे पुरे: पाण्याने निघणारे एक, विरळ केसांसाठी क्ले एक आणि मागेल त्याच्यासाठी तेलाचे एक.

डब्यात तेच असावे जे डब्यावर आहे

एक कटू गोष्ट लिहावी लागते. काही ठिकाणी नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात सुटे वॅक्स भरून ठेवतात. गिऱ्हाइकाला डबा दिसतो, आतला माल दिसत नाही. ही चलाखी नाही, धोका आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण मदरशात असल्यापासून ऐकत आलो. वर कोरडे आणि आत ओले ठेवणाऱ्याला त्यांनी काय सुनावले, हे इथे सांगण्याची गरज नाही. धान्याच्या जागी पोमेड आले म्हणून मसला बदलत नाही.

त्या दिवशी आम्ही ते नॅपकिन ठेवून घेतले. धुण्याचा सोडा आणि भांड्याचे लिक्विड घालून कडकडीत पाण्यात रात्रभर भिजवले, दोनदा उकळले. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस कामाचे निघाले. ते घेऊन आम्हीच त्यांच्या सलूनमध्ये गेलो आणि एका नॅपकिनवर पाण्याचा थेंब टाकून दाखवला. थेंब लगेच जिरला. त्यांनी काही न बोलता कपाटातला किलोचा डबा काढून बाहेर ठेवला. बाकी पुढच्या जुम्याला आली. त्या घरची चार डोकी मात्र अजून परत आलेली नाहीत.

कंगवा, कात्री आणि नॅपकिन आपण पारखून घेतो. पोमेडचा डबाही तसाच पारखून घ्यावा, एवढीच विनंती. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.